पटाच्या पलीकडे कोणाला बसवायचं?

मामा सांगलीचे. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघत वाढलेले, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरीच मुलांना बुद्धिबळ शिकवणारे. भाची पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत; कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळलेली. दोघांमधल्या वादाला कारण झाला मामांचा नातू. वय तेरा, रेटिंग पंधराशेच्या आसपास. काळ्या मोहऱ्यांनी ‘कारो-कान’ खेळायचं त्यानं ठरवलं आहे आणि लॅपटॉपवर त्याचा सराव लावून दे म्हणून आत्याच्या, म्हणजे या भाचीच्या, मागे लागला आहे. आत्यानं ते काम मनावर घेतलं आणि आजोबांना ते मुळातच पटलेलं नाही.

मामा : एक विचारू का? एवढा खटाटोप ओपनिंगसाठीच कशाला? हत्ती-प्याद्याचा शेवट शिकवता येत नाही का तुझ्या त्या यंत्राला?

भाची : येतो की. पण त्यानं कारो-कान मागितलंय.

मामा : तेरा वर्षांचं पोर मागेल ते द्यायचं, झालं! कापाब्लांका सांगून गेलाय, आधी शेवट शिका. पटावर मोहरी कमी असली की एकेकीची ताकद कळते. माझ्याकडं येणारी निम्मी मुलं दहा-बारा चाली धडाधड खेळतात. समोरच्यानं पुस्तकाबाहेरची एक चाल केली की मग माझ्या तोंडाकडं बघत बसतात. गुकेशचंच घे. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला कितीतरी वर्षं इंजिनाला हात लावू दिला नाही. आधी स्वतःचं डोकं चालव म्हणाले. अठराव्या वर्षी जगज्जेता झाला पोरगा.

भाची : गुकेशच्या समोर बसायला विष्णू प्रसन्ना होते, मामा. आपल्या पोराच्या समोर रोज कोण बसणार? तुम्हाला दुपारी दोन तुकड्या, त्याला संध्याकाळी क्लास. तुमचा राग आहे तो उत्तरं सांगणाऱ्या इंजिनावर. पोरानं चाल केली न केली तोच कडेला आकडा उगवतो आणि विचार तिथंच थांबतो. तो राग मलाही आहे. मी लावतेय ते उत्तरं सांगायला नाही. मला त्याच्यासमोर बसणारा खेळाडू हवाय.

मामा : सॉफ्टवेअर ते सॉफ्टवेअर. फरक काय त्यात?

भाची : फरक आहे. आपण एकच नाव घेतो, पण आत तीन वेगळी कामं चालतात. एक, पट दाखवणारा प्रोग्रॅम. एरिना, क्यूटचेस, स्किड, यातला कुठलाही घ्या, पैसे पडत नाहीत. दुसरं, विचार करणारं इंजिन, म्हणजे स्टॉकफिशसारखं. या दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचे नियम २००० साली ठरले. त्याला यूसीआय म्हणतात. त्यामुळं हे नियम पाळणारं कुठलंही इंजिन तसल्या कुठल्याही पटाला जोडता येतं. तिसरं, ओपनिंगचं पुस्तक. पुस्तक म्हणजे एक फाइल. अमुक स्थितीत कुठल्या चाली करायच्या आणि कुठली किती वेळा करायची, एवढंच तिच्यात असतं. बहुतेक लोक पहिली दोन जोडतात आणि खेळायला बसतात. खरी मेख तिसऱ्यात आहे.

मामा : म्हणजे तुझ्या स्टॉकफिशला ओपनिंग येत नाही?

भाची : पाठ नाही. पुस्तक जोडलं नाही तर पहिल्या चालीपासून स्वतःच हिशेब करतं आणि त्याला बरं वाटेल तेच खेळतं. आपल्याला सराव हवा असतो तिसऱ्या चालीला प्यादं ई५ला ढकलणाऱ्यांचा, आणि ते खेळतं घोडा सी३. तासभर बसलो तरी हवी ती स्थिती एकदाही पटावर येत नाही. म्हणून मी आधी सुरुवातच हलवली. १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५ उंट एफ५. इथपर्यंतची स्थिती एका ओळीत लिहिता येते, तिला फेन म्हणतात. ती ओळ प्रोग्रॅममध्ये चिकटवली की प्रत्येक डाव इथूनच सुरू होतो. चौथी चाल पांढऱ्याची.

मामा : तीन चाली वाचवल्या. मोठं काम केलंस.

भाची : वाचवल्या नाहीत, प्रश्न नेमका केला. आता बघा, चौथ्या चालीला पांढऱ्याकडं काय काय आहे? घोडा एफ३ आणि मग उंट ई२, ही नायजेल शॉर्टची पद्धत. घोडा सी३ करून मग प्यादं जी४, ही अंगावर येणारी. प्यादं एच४. प्यादं सी४. प्यादं सी३. उंट ई३. उंट डी३. सात तर इथंच झाल्या. यातल्या कुठल्या चाली यंत्रानं खेळायच्या आणि किती वेळा, हे ठरवायला बसलं की प्रश्न उभा राहतो, पटाच्या पलीकडे कोणाला बसवायचं?

मामा : सगळ्यात चांगलं खेळणाऱ्याला. त्यात विचार कसला?

भाची : तिथंच तर सगळे चुकतात. ओपनिंगसाठी संगणक वापरायला लागलेल्या पहिल्या मोठ्या खेळाडूचंच उदाहरण घ्या. कास्पारोव्ह १९८५ साली हॅम्बुर्गच्या एका क्लबाच्या आठ खेळाडूंशी एकाच वेळी खेळला आणि साडेतीन विरुद्ध साडेचार असा हरला. १९८७ साली त्याच क्लबाशी पुन्हा खेळला, पण या वेळी आधी चेसबेस या डावसंग्रहात त्या खेळाडूंचे जुने डाव बघून गेला. सात-एकनं जिंकला. तेव्हाचा संगणक त्याला चांगली चाल कुठली हे सांगू शकला असता का? कास्पारोव्हपुढं तेव्हाची इंजिनं काहीच नव्हती. त्यानं संगणकाकडून एवढंच घेतलं की समोर कोण बसणार आहे आणि तो काय खेळतो.

मामा : हं. हे मात्र मान्य. आम्हीही स्पर्धेच्या आदल्या रात्री समोरच्याचे डाव वहीत शोधायचो. मिळाले तर नशीब.

भाची : तेच मी करतेय, फक्त त्याच्या पातळीवर. ग्रँडमास्टरांच्या डावांवरून केलेलं पुस्तक आयतं मिळतं. ते जोडलं तर पोराला रोज शॉर्टची पद्धत भेटेल, कारण ग्रँडमास्टर ती खेळतात. आणि शाळेच्या स्पर्धेत मात्र त्याच्यासमोर येईल ४. उंट डी३.

मामा : येणारच. समोरासमोर उंट दिसला की पोरं मारामारीला उठतात.

भाची : म्हणून मी लिचेस या संकेतस्थळावरचे डाव घेतले. त्यांचा महिन्या-महिन्याचा डावसंग्रह सगळ्यांना खुला आहे. त्यातून अगदी झटपटचे डाव गाळले आणि त्याच्या आसपासच्या रेटिंगचेच ठेवले. लिचेसचं रेटिंग साधारणपणे फिडेपेक्षा जास्त दिसतं, तेवढं वर सरकवून घेतलं. मग त्या डावांचं पुस्तक करायला पॉलीग्लॉट नावाचं जुनं साधन वापरलं. आणि इथं एक खोच निघाली. पॉलीग्लॉट प्रत्येक चालीला वजन देतं. ती चाल करणारा जिंकला की दोन गुण, बरोबरीला एक, हरला की शून्य. वजन जास्त तेवढी ती चाल जास्त वेळा खेळली जाते.

मामा : म्हणजे जी चाल करून पोरं हरतात, ती पुस्तकातून गळते.

भाची : गळते नाहीतर कमी तरी होते. दोन इंजिनांची झुंज लावायची असेल तर हे बरोबरच आहे, वाईट चाल कोण कशाला खेळेल! पण शिकणाऱ्याला नेमकी तीच भेटायला हवी. समोरचा चूक करतो तेव्हा त्या चुकीचं करायचं काय, हे आपल्याला येत नाही, म्हणून आपण हरतो. तेव्हा मी वजनं हातानं बदलली. स्किडमध्ये बुक ट्यूनिंग म्हणून एक खिडकी आहे, तिथं एकेक स्थिती उघडायची आणि वजन भरायचं. माझ्या हिशेबी चाल किती चांगली याला महत्त्व नाही, ती त्याला किती वेळा भेटेल याला आहे. उंट डी३ला वजन भरपूर दिलं.

मामा : दिलंस ते बरं केलंस. पण त्या चालीचं करायचं काय, हे तुझं यंत्र सांगणार आहे का? की पोरगं नुसतं शंभर वेळा उंट मारून वजीर डी३ला आलेला बघत बसणार?

भाची : यंत्र नाही सांगणार.

मामा : मग ऐक. ४. उंट डी३ उंट मारतो डी३ ५. वजीर मारतो डी३ ई६. आता पांढऱ्याची प्यादी कुठं आहेत? डी४ आणि ई५, दोन्ही काळ्या घरांत. म्हणजे पांढऱ्या घरांत फिरणारा उंट हा त्याचा चांगला उंट होता, आणि तोच त्यानं देऊन टाकला. आपली प्यादी पांढऱ्या घरांत, त्यामुळं तिथला आपला उंट पुढं अडकला असता. तो बाहेर पडून कामी आला. एवढं कळलं की पुढचं पाठ करायला लागत नाही. सी५ करून डी४वर दाब द्यायचा, घोडा ई७वरून एफ५ला आणायचा, आणि उंटाविना उघडी पडलेली पांढरी घरं घ्यायची. १९२७ची न्यूयॉर्कची स्पर्धा. निम्झोविचनं कापाब्लांकाविरुद्ध हीच उंट डी३ची चाल केली. पुढं कापाब्लांकाचे वजीर-हत्ती एकेक घर घेत आत शिरले आणि शेवटी निम्झोविचची पुरती कोंडी झाली. हा एक डाव लावून बघितला की तुझ्या वजनाच्या फाइलीतली अर्धी फांदी समजते.

भाची : अजून मागं जा, मामा. या ओपनिंगला ज्याचं नाव आहे, त्या मार्कुस कानचा हॅम्बुर्गमधला डाव आहे, १८८५चा, याक मीसेसविरुद्ध. तिथंही ३. ई५ उंट एफ५ ४. उंट डी३ हेच झालं होतं.

मामा : आणि सतराव्या चालीला काळ्याचा हत्ती सी१ला! मारला तर वजीर जातो. चोवीस चालींत डाव संपला. होरॅशिओ कारो आणि कान यांनी मिळून याचं विश्लेषण छापलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे आजच्या पुस्तकात ज्या चालीला ‘निरुपद्रवी’ म्हणून एक ओळ मिळते, तिच्यावरच या ओपनिंगचा संसार उभा राहिला.

भाची : म्हणूनच नुसत्या चालींची फाइल मला नको. प्रत्येक फांदीला एक पूर्ण डाव जोडायचा. लिचेसच्या स्टडीत वेगवेगळी प्रकरणं करता येतात. उंट डी३च्या प्रकरणात हे दोन डाव घालते, आणि शेरे तुम्ही सांगायचे.

मामा : शेरे मी सांगीन. पण मग पाठांतर काढून टाक. कारण कळलं की चाल सुचते.

भाची : सगळीकडे? ४. एच४ला काय करायचं, सांगा.

मामा : एच५. किंवा एच६.

भाची : आणि पोरगं काय करेल? कारो-कानमध्ये उंट बाहेर काढला की ई६ करायचं, हे त्याच्या हातात बसलंय. ४. एच४ ई६ ५. जी४. उंट ई४ला गेला तर ६. एफ३, मग उंट जी६ ७. एच५, आणि उंट मेला. परत फिरायला घर नाही. इथं कारण समजून घेऊन सुचायची वाट बघितली तर सुचेपर्यंत मोहरा गेलेला असतो.

मामा : ते खरं. १९६१च्या परतीच्या सामन्यात तालनं बॉटविनिकविरुद्ध ही एच४ आणली होती. बॉटविनिकनं एच६ करून उंटाला वाट मोकळी ठेवली आणि जी४ आल्यावर उंट डी७ला परत नेला. त्या सामन्यात तालनं ई५ पुन्हा पुन्हा आणलं, बॉटविनिक कधी तिसऱ्या चालीला सी५ करायचा, कधी उंट काढायचा. आदल्या वर्षी गमावलेलं जगज्जेतेपद तेरा-आठनं परत घेतलं म्हाताऱ्यानं. म्हातारा म्हणजे काय, पन्नाशीसुद्धा नव्हती.

भाची : म्हणजे इथं पाठांतर हवंच, हे मान्य?

मामा : मान्य. पण सीमा आखून. एक चाल चुकली की डाव संपतो, तिथं पाठ करायचं. एक चाल चुकली तर जरा वाईट स्थिती येते, तिथं खेळून शिकायचं. पहिल्या प्रकारच्या जागा या ओपनिंगमध्ये थोड्याच निघतील. यादी काढ आणि बघ.

भाची : चालेल. त्या थोड्या जागांसाठी उजळणीची पद्धत लावते. चुकलं की ती स्थिती लगेच पुन्हा येते, बरोबर आलं की दर वेळी जास्त दिवसांनी येते. चेसेबलसारखी साधनं याच तत्त्वावर चालतात. तत्त्व जुनंच आहे, एबिंगहाउसनं माणूस किती वेगानं विसरतो हे मोजून पुस्तक लिहिलं ते १८८५ सालचं.

मामा : कानच्या डावाचंच साल. त्या वर्षी जर्मनांना विसरायची फार भीती बसली होती म्हणायची. पण एक सांग. उजळणीत पटावर एच४ आलेली स्थिती दाखवणार, ‘काय खेळशील?’ विचारणार. पोरगं सांगणार एच५. शाबास. स्पर्धेत त्याला ‘आता सापळा आहे’ असं कोणी सांगतं का?

भाची : नाही, म्हणून दोन ठिकाणी दोन प्रमाणं. उजळणीत एच४ वारंवार. खेळायच्या पुस्तकात मात्र तिचं वजन अगदी कमी, म्हणजे बऱ्याच डावांनंतर, तो विसरल्यावर, कधीतरी अचानक येईल. तेव्हा हात आपोआप ई६कडे गेला तर समजायचं की पाठ झालंय पण पक्कं झालं नाही.

मामा : हे आवडलं. आता पुढचं. तुझं पुस्तक संपलं की समोर कोण खेळतं? तोच स्टॉकफिश ना? तो पोराला चिरडणार.

भाची : ताकद कमी करता येते. पातळी शून्य ते वीसपर्यंत असते, नाहीतर थेट रेटिंगचा आकडा घालता येतो. पण दुबळा केलेला स्टॉकफिश विचित्र खेळतो. पाच चाली उत्तम करतो आणि सहावीला माणूस कधी करणार नाही असं काहीतरी करतो, कारण त्याला मुद्दाम अधूनमधून दुय्यम चाल निवडायला लावलेलं असतं. त्यामुळं जिंकलो तरी आपण काय बरोबर केलं ते कळत नाही. मला त्यापेक्षा मैया बरी वाटते. २०२० साली टोरोंटो, कॉर्नेल आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी केलेली. लिचेसवरचे माणसांचे डाव रेटिंगप्रमाणे वेगळे करून तिला शिकवलंय, अकराशेपासून एकोणीसशेपर्यंत नऊ प्रकार. ती सर्वोत्तम चाल शोधतच नाही, त्या रेटिंगचा माणूस इथं काय खेळेल एवढंच ओळखते. लीला नावाच्या इंजिनात ती बसवायची आणि पुढचं काही शोधू द्यायचं नाही, एका स्थितीपुरतंच बघ म्हणायचं. मग तिच्या चुकाही माणसासारख्या होतात.

मामा : माणसासारख्या चुका करते, पण माणसासारखी घाबरते का? बॉटविनिक रागोझिनला घरी बोलवून सरावाचे डाव खेळायचा. ठरवलेली ओपनिंग, घड्याळ लावून. त्याला धुराचा त्रास व्हायचा, तर रागोझिनला तोंडावर धूर सोडायला सांगायचा, सवय व्हावी म्हणून. तबलजी लेहऱ्याचं यंत्र लावून रियाज करतात ना, तसं तुझं हे. यंत्राची लय कधी चुकत नाही, हात तयार होतो. पण मैफलीत शेजारी माणूस बसलेला असतो, तो जरा पुढं सरकतो, जरा मागं राहतो, आणि यंत्रावर तयार झालेला हात तिथं गडबडतो.

भाची : मग आठवड्यातून एक डाव माणसाशी. तुमच्या दुसऱ्या तुकडीतल्या कोणाशीही, याच स्थितीपासून, खऱ्या घड्याळावर. बाकीचे दिवस मैया.

मामा : याच स्थितीपासून नको, पहिल्या चालीपासून. समोरचं पोरगं ई५ करेल की नाही, हे कळायला नको.

भाची : बरं, तसं. आता राहिलं पुस्तक किती लांब ठेवायचं ते. मी म्हणते बारा चाली.

मामा : सहा.

भाची : सहात शॉर्टच्या पद्धतीचं काही कळतच नाही.

मामा : आणि बारात पोराच्या डोक्याचं काही कळत नाही. समोरचा पुस्तकातून खेळतोय, हा फाइलीतून खेळतोय. दोघंही झोपलेत. मला बघायचंय तो जागा कधी होतो ते.

भाची : आठ. पुस्तक बनवतानाच मर्यादा घालता येते. तिथं सांभाळायचं एकच, ते साधन अर्ध्या चाली मोजतं, त्याला प्लाय म्हणतात. सोळा लिहिलं की आठ पूर्ण चाली. लोक आठ लिहितात आणि पुस्तक चौथ्या चालीलाच संपतं. आणि तो जागा कधी होतो, तेही बघता येईल. डाव पीजीएन फाइलीत साठवताना प्रत्येक चालीनंतर घड्याळात किती वेळ उरला तो नोंदवून ठेवायला सांगितलंय. पहिला मोठा विचार पाचव्या चालीला झाला असेल तर फाइल पाठ नाही. तेराव्या चालीपर्यंत झालाच नसेल तर तो खेळत नाहीये, आठवतोय.

मामा : हा आकडा मला रोज दाखव. चालींपेक्षा तो जास्त सांगेल.

भाची : डावानंतर इंजिन लावायचं का?

मामा : लगेच नाही. आधी वहीत तीन ओळी. पुस्तकातून पहिल्यांदा बाहेर कोण पडलं, मी की समोरचा. तेव्हा मला काय करायचं होतं. आणि ते झालं का. त्यानंतर लावा तुमचं इंजिन.

भाची : लावताना तीन चाली एकदम दाखवायला सांगते. एकच दाखवली की पोरांना वाटतं बाकीच्या चुका आहेत. तीन दिसल्या की कळतं, पहिलीत आणि तिसरीत पाव प्याद्याचासुद्धा फरक नाही. तेवढ्यासाठी फाइल बदलायची नाही, हा नियम मी त्याला लिहून देणार आहे. नाहीतर दर आठवड्याला इंजिनाची नवी आवडती चाल आणि दर आठवड्याला नवी ओपनिंग.

मामा : आता माझी अट. या सगळ्यात पोराच्या उत्तरांची फाइल तू करून द्यायची नाहीस.

भाची : झाली पण करून. दोन रात्री बसले होते.

मामा : मग काढून टाक. एच४ आणि तसले दोन-चार सापळे ठेव, बाकी सगळं पुसून टाक. जी फांदी खेळून तो हरला नाही किंवा अडला नाही, ती फाइलीत यायची नाही. दोन रात्री बसून कारो-कान शिकली कोण? तू शिकलीस. वजनं ठरवताना सात चालींची तुलना कोणी केली? तू. तो नुसता तुझ्या कष्टांवर बोट फिरवणार.

भाची : पण मामा, कोरी फाइल घेऊन तो सुरुवातीला सारखा हरेल. मनातून उतरेल ती ओपनिंग. काही मुलं तिथंच सोडून देतात. मी कॉलेजात असताना अशाच कारणानं फ्रेंच बचाव सोडला होता, तुम्हाला माहितीये.

मामा : सोडलास ते बरं झालं, तुला शोभत नव्हता.

भाची : विषय बदलू नका. मी मधला मार्ग सांगते. दोन फाइली वेगळ्या आहेत, त्या वेगळ्याच ठेवू. समोरच्याचं पुस्तक आपण दोघांनी करायचं आणि त्याला ते कधीच उघडून दाखवायचं नाही. स्वतःच्या उत्तरांची फाइल मात्र त्यानं स्वतः करायची, एक हरलेला डाव, एक फांदी, त्याच रात्री. समोरचा काय खेळेल हे आपण ठरवतो म्हणून त्यानं किती हरायचं तेही आपल्याच हातात आहे. पहिल्या महिन्यात सोप्या फांद्यांना वजन जास्त, मग हळूहळू शॉर्टची पद्धत आणि जी४वाला हल्ला वाढवायचा.

मामा : आणि उत्तरं चुकीची लिहिली तर?

भाची : चुकीचीच राहू देत. मैया पुन्हा हरवेल, तेव्हा स्वतः बदलेल. पाव प्याद्याचा नियम इथंही लागू. फक्त मोहरा जात असेल तर तुम्ही तोंड उघडायचं.

मामा : तोंड उघडायचं नाही, हे मला जमणं अवघड आहे. पण चालेल. आण ते समोरच्याचं पुस्तक, माझी भर घालू दे. लिचेसवरची पोरं जगभरची असतील, पण याच्यासमोर बसणार आहेत ती सांगली, कोल्हापूर आणि मिरजेची. ४. एफ४ आहे का त्यात?

भाची : आहे, पण फार कमी. तिकडच्या डावांत ती फारशी दिसत नाही.

मामा : तिचं वजन दुप्पट कर. इकडं भरपूर खेळतात.

भाची : कशावरून म्हणताय?

मामा : मीच शिकवलीय त्यांना.